ब्रिस्बेनला पाठवायचा फोटो

पर्यटकांच्या बोटी यायच्या खूप आधीची गोष्ट. ग्रीसमधल्या आमच्या किथिरा बेटावर तेव्हा फोटो काढायचा तो ऑस्ट्रेलियाला पाठवायला. निम्मी तरणी पोरं तिकडे. इथून मुलीचा फोटो जायचा आणि तिकडून होकार आला की मुलगी बोटीत. कॅमेरा माझ्या एकट्याकडे, त्यामुळे लग्नं जुळवण्याचं पुण्य माझ्याच माथी. मला आवडायचं टेकड्या आणि मळणी करणाऱ्या बायका टिपायला, पण टेकडीला कोण स्थळ बघतंय!

एकदा कोस्मासकाका लेकीला, झाफिराला, घेऊन खळ्यावर आले. तिच्या गळ्यात शेजारणीची सोन्याची साखळी. ब्रिस्बेनला कॅफे चालवणाऱ्या लेफ्तेरिसला फोटो पाठवायचा होता. झाफिराला जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती, पण तसं बोलायची माझी छाती नव्हती.

मी बटण दाबायला गेलो की ती डोळे तिरळे करायची.

"अगं कार्टे, सरळ बघ!"

"सरळच बघतेय, बाबा. मिनासच्या कॅमेऱ्यालाच काहीतरी झालंय."

"काय रे मिनास?"

"जुना झालाय, काका," मी म्हणालो.

तिन्ही फोटो तसलेच निघाले. "फिल्म काय झाडाला लागते?" म्हणत काकांनी त्यातला त्यात बरा उचलला आणि धाडला. आता नकार ठरलेलाच, म्हणून मी शिट्टी वाजवत हिंडत होतो.

उन्हाळा सरताना उत्तर आलं. झाफिरा धावतच माझ्या फोटोच्या दुकानात शिरली. फोटोत लेफ्तेरिस कॅफेच्या दारात उभा, अंगात कोट, केस चापून बसवलेले आणि डोळे चक्क तिरळे.

"बघ ना या येड्याला!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. "मिनास, याच्याबरोबर जमेल रे माझं."

मी तोंडाने "छान" म्हणालो.

निघण्याआधी तिने मला गावभर पळवलं. भट्टीपाशी पिठाने माखलेली आई, विहिरीवरच्या बायका, पवनचक्की, बकऱ्या, सगळ्यांचे फोटो काढून घेतले. शेवटी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि बटण स्वतः दाबलं.

फोटो धुतला, तर त्यात माझं मुंडकंच नाही!

"दुसरा काढू," मी म्हणालो. मला निदान चेहऱ्याने तरी तिच्याबरोबर जायचं होतं.

"वेळ कुठाय? बोट लागलीये." तिने फोटो रुमालात गुंडाळला. "आणि असले फाटके बूट बेटावर दुसऱ्या कुणाचे आहेत? ओळखीन मी."