ताटाची डावी बाजू

सुषमा काही मेंदूबिंदू समजून घ्यायला गेली नव्हती. पांडेसऱ्याच्या हॉलमध्ये डॉक्टरांचा मोफत कार्यक्रम होता, शेवटी खमण मिळणार होतं, आणि मुख्य म्हणजे तेवढा वेळ सासूचं तोंड बघावं लागणार नव्हतं.

तसाही सासूचा, सरलाबाईंचा, मुक्काम संध्याकाळच्या गाडीपर्यंतच होता. शिंदखेड्याजवळच्या गावी, थोरल्या मुलाकडे, किसनकडे त्यांची रवानगी ठरली होती. किसन आणि त्याची बायको दिवसभर शेतात, म्हणजे म्हातारी घरात एकटीच राहणार. सुषमाचा नवरा ललित तसं चाचरत बोललाही. पण सुषमा हट्टाला पेटली होती. या घरात एक तर त्या राहतील, नाहीतर मी.

कारण काय, तर ठेचा. हसण्यासारखंच आहे, पण घरं अशाच गोष्टींवरून मोडतात. दिवाळीनंतर सरलाबाईंना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. हातपाय पुन्हा चालू झाले, जीभ तर आधीपेक्षा जोरात चालू झाली. आणि तेव्हापासून त्या बमरोलीच्या अख्ख्या गल्लीला सांगत सुटल्या, "सून माले ठेचा देस नही. भाकर बी अर्धीच देस."

आणि ठेचा रोज ताटात! डाव्या बाजूला ठेचा, कांदा, लिंबू, हे वळण सासूनेच लग्नानंतर सुषमाला लावलं होतं. म्हातारी भाकरीचा अर्धा तुकडा ताटात तसाच टाकून उठायची आणि दारात जाऊन उपाशी ठेवल्याचा बोभाटा करायची. केसही अर्धेच विंचरायची. सुषमाला वाटायचं, मुद्दाम, मला बदनाम करायला. एकदा तिचं डोकं इतकं फिरलं, की तिने सासूचा हात धरून बोटं ठेच्यात दाबली. "हाऊ काय शे? डोया फुटनात का?" सरलाबाई घाबरून बोटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हाऊ आते ठेया तू." म्हणजे आत्ताच ठेवलास. त्या दिवसापासून सुषमाने त्यांना "अजून वाढू का" विचारणंच सोडलं.

हॉलमध्ये डॉक्टरबेन प्लास्टिकचा मेंदू हातात घेऊन हिंदीत बोलत होत्या. सुषमाचं अर्धं लक्ष खमणच्या टोपल्यांकडे होतं. मग त्यांनी पडद्यावर एका पेशंटने काढलेलं घड्याळ दाखवलं. सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसलेले, डावी बाजू कोरी. लोक हसले.

"झटके के बाद ऐसा होता है," डॉक्टरबेन म्हणाल्या. "आंख बराबर है। लेकिन दिमाग के लिए वो बाजू है ही नहीं। आधी थाली छोड़ देगा और बोलेगा, मुझे खाना नहीं दिया। वो झूठ नहीं बोल रहा।"

 सुषमा तशीच उठली, खमणही न घेता.

घरी ललितने पिशवी भरून दारात ठेवली होती. शेजारच्या अनुसयाबाई निरोप द्यायला येऊन बसल्या होत्या. सुषमाने ताट वाढलं, नेहमीसारखंच. सरलाबाईंनी उजवीकडची अर्धी भाकरी संपवली, हात थांबला. सुषमाने ताट धरून अर्धं फिरवलं.

"हाऊ कथाईन उना?" ठेचा कुठून आला, म्हणून सरलाबाईंचा चेहरा उजळला. त्या अधाशासारख्या ठेच्याबरोबर भाकरी खाऊ लागल्या. किती दिवसांची भूक होती ती! सुषमाला ते बघवेना. मग त्यांचा घास हातातच राहिला. "मी जाई ऱ्हायनू म्हनीसन दिधा का व, माय?"

"रोज ताटमाच व्हता, आत्याबाई. तुमले दिसे नही."

"म्हंजे मी खोटी?" म्हातारीने घास खाली ठेवला. "का मी येडी व्हयनू?" त्यांनी आधी अनुसयाबाईंकडे पाहिलं, मग ललितकडे. डोळे भरून आले.

आता डॉक्टरबेनचं सगळं समजावून सांगता आलं असतं. सुषमाने तोंड उघडलंही. पण समोरचा तो चेहरा बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"नही, आत्याबाई. तुम्हीच खऱ्या. मीच देत नही व्हतू. चुकनं मनं. आते रोज देसू. तुम्ही जाऊ नका."

अनुसयाबाईंनी "अरे देवा" म्हणून पदर तोंडाला लावला. रात्रीपर्यंत गल्लीभर होणार, हे सुषमाला कळत होतं. ललित चमकून तिच्याकडे बघू लागला. सासूच्या उष्ट्या ताटातला ठेचा कितीदा त्याने स्वतःच खाल्ला होता. सुषमाने त्याला नजरेनेच गप्प केलं.

"आयकं का, अनुसया?" सरलाबाई ताठ बसल्या. "मी सांगे ते खरं व्हतं." मग त्यांनी ललितला पिशवी आत ठेवायला सांगितली आणि उष्टा हात सावरून दुसरा हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. "ऱ्हाऊ दे. कबूल करं ना, झायं. मना मनमा काही नही."

सुषमाला माफी मिळाली, पण तिने जे केलंच नव्हतं त्याची. जे केलं होतं त्याची, ठेच्यात दाबलेल्या त्या बोटांची, मागायची, तर म्हातारीला पुन्हा येडी ठरवावं लागलं असतं, म्हणून ती त्या हाताखाली मान घालून नुसती रडत राहिली.