रोहा तालुक्यापुरतं

"आप्पा, हितं सही पायजे तुमची," म्हणून प्रणितानं कागद टेबलावर ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर जेवणाचा डबा ठेवला.

धाटावला बस स्टॉपच्या मागे आमच्या युनियनची एक खोली आहे. सेक्रेटरी पोपट म्हात्रे तिथे बसतो. त्याच्यासमोर बसलेला मी गोविंदा; कंपनीच्या बॉयलरवर काम करतो आणि युनियनच्या कमिटीवर आहे. प्रणिता पोपटची एकुलती एक मुलगी, जोह्याला दिलेली. पेणला एसटी बदलून आली होती. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिनं कागद काढला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अर्ज तिच्या नवऱ्याचा, सुशीलचा. कंपनीच्या नव्या प्लान्टमध्ये स्थानिक उमेदवार म्हणून घ्यावं, असा. खाली युनियनच्या शिफारशीची रिकामी जागा.

पोपटनं तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "जोहे पेण तालुक्यात हाय गो."

"मंग?"

"स्थानिक म्हंजे रोहा तालुका. तसं लिवलंय करारात."

"कोणी लिवलंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. लिहिलं आम्हीच होतं आणि खरं सांगायचं तर ते वाक्य माझं होतं.

चार वर्षांपूर्वी या प्लान्टची जनसुनावणी झाली. नदीकाठची माणसं विरोधात होती. जाळ्यात मासळी येत नाही, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, आता आणखी एक धुराडं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काय होतं? पण परदेशातून स्वस्त माल येतो, जुना प्लान्ट आज ना उद्या बंद पडणार, नवा आला नाही तर आमची पोरं काय करणार? युनियननं ठराव केला, प्लान्ट हवा. पोपट माईकवर म्हणाला, "पाणी आमचं, हवा आमची, जमीन आमची. मंग हजेरीपन आमचीच लागली पायजे." माणसं टाळ्या वाजवून बसली. नदीकाठचेही गप्प झाले, कारण पोपट शब्द फिरवत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. ऐंशी नोकऱ्या स्थानिकांना, असा करार झाला.

मग स्थानिक कोण, यावर आम्ही तीन सभा भांडलो. पेणवाले घुसतील, अलिबागवाले घुसतील. कोणाचा मामा रोह्यात, कोणाची सासुरवाडी. शेवटी मीच म्हटलं, तालुक्याची हद्द लिहून टाका, कटकट मिटेल. केवढा शहाणा वाटलो होतो स्वतःला. त्या धांदलीत नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची, हे लिहून घ्यायचं राहिलं. बांधाच्या वीतभर मातीसाठी भांडायला धावायचं आणि घराचं दार सताड उघडं टाकायचं, अशी आमची जात.

प्रणिता उभीच होती. "मूर्तींचा कारखाना दिवाळीपासनं बंद हाय, आप्पा. पीओपीच्या बंदीचं आज एक सांगतात, उद्या दुसरं. शाडूच्या मूर्ती करू म्हणलं तर घराघरात तेच चाललंय, घेणार कोण? एवढा मूर्तीचे डोळे आखणारा मानूस, दिवसभर भिंतीकडं तोंड करून निजून असतो. माझ्यासाठी एक सही नाय होत?"

"बाय गो, तुझी केली तर तालुक्यातल्या बाकीच्या पोरांना काय तोंड दाखवू?"

"मी कुठली, आप्पा? रोह्यातच जल्मले ना मी? लगीन लावून तालुक्याच्या भायेर तुमीच घातलंत."

एवढं बोलून तिनं डब्याखालचा कागद ओढला आणि गेली. मी चिडलो. म्हटलं, "कर की सही, मेल्या. कोण बघतंय?"

"तू बघतोयस," पोपट म्हणाला.

माझ्याच वाक्यासाठी तो पोटच्या मुलीला रिकाम्या हातानं परत पाठवत होता, आणि मी त्याच्यावरच ओरडत होतो.

जूनमध्ये यादी लागली. ऐंशीपैकी कंपनीच्या जागा अकरा. एकोणसत्तर माणसं कंत्राटदार भरणार. साहेबांनी आम्हाला चहा पाजला आणि समजावलं, करार कंपनीच्या नोकऱ्यांचा आहे, कंत्राटदाराला तो लागू नाही. कंत्राटदाराला कसला तालुका आणि कसला जिल्हा? मिळेल तिथून त्यानं माणसं आणली. नदीकाठची धोंडुबाई युनियनच्या दारात येऊन उभी राहिली. "तुझ्या तोंडाकडं बघून गप बसलो आमी, पोपट," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून पोपटची झोपच उडाली.

करार कंत्राटदारालाही लावा, म्हणून आम्ही संपाची नोटीस दिली. नवा प्लान्ट दोन दिवस जरी थांबला असता, तरी कंपनीला बोलावं लागलं असतं. सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही दीडशे कायम कामगार गेटवर होतो. गेटमधल्या लहान दारापुढे पोपट हात पसरून उभा. समोरून कंत्राटी माणसांची रांग आली, पिवळी हेल्मेटं घातलेली. पहिलाच सुशील.

आठवड्यापूर्वी तो कंत्राटदाराकडे लागला होता. प्रणितानं बापाला कळवलंही नव्हतं. कळवावं तरी कशाला?

"मामा, सरका," सुशील म्हणाला.

"जावईबापू, दोन दिवस थांबा. तुमच्यासाठीपन भांडू."

"कसे भांडाल? मी तुमच्या युनियनचा नाय. मी रोह्याचापन नाय." त्यानं आवाज चढवला नाही. "आज मी नाय गेलो तर उद्या दुसरा घेतील. हे गेलं तर माझ्याकडं काय नाय, मामा."

आमच्यातल्या एकानं 'गद्दार' म्हणत त्याची कॉलर धरली. बावीस वर्षांत पोपटनं संपाच्या वेळी कोणाला आत सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. सख्ख्या भावालाही त्यानं एकदा ढकलून मागे सारलं होतं. मला वाटलं, आता हा काय करतो.

पोपटनं कॉलरवरचा तो हात सोडवला. जावयाचा शर्ट नीट केला.

"जावा," तो म्हणाला. "हेल्मेटचा पट्टा लावा पयले. ड्रायरजवळ मास्क काढू नका."

आणि बाजूला होऊन त्यानं दार उघडलं.

जावयाला सोडल्यावर दुसऱ्याला अडवायचं कुठल्या तोंडानं? दुसरा गेला, तिसरा गेला. आमचीच माणसं मघाचा 'गद्दार' शब्द आता पोपटला ऐकवू लागली. संप तिथंच मोडला, आणि पुन्हा उभा राहणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

त्या दाराला स्प्रिंग आहे. हात काढला की ते मागून येणाऱ्याच्या अंगावर आपटतं. एकोणसत्तरावा माणूस आत जाईपर्यंत पोपट ते हातानं धरून उभा होता.