पन्नास नळ्यांचा ठोकळा

टॉर्च लागेना. ऑर्विल टफ्टीने ती दोनदा तळहातावर आपटली, बटण वरखाली करून पाहिलं. मग मागचं झाकण फिरवून सेल काढायला गेला, तर ते निघेनात. फुगून आत चिकटून बसले होते. स्प्रिंगवर पांढरी खरपुडी धरली होती.

अशी खरपुडी दोन दिवसांत धरत नाही, त्याला महिने जावे लागतात.

तळघरातल्या बाकाला धरून तो तसाच उभा राहिला. वर स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या चपला सरपटत होत्या, कॉफीचा वास जिन्यावरून खाली येत होता.

ती टॉर्च एकाच कामासाठी बाकावर ठेवलेली होती. पिस्तुलाची वापरलेली काडतुसं तो घरीच पुन्हा भरायचा. लाकडी ठोकळ्यात पन्नास पितळी नळ्या उभ्या करायच्या, यंत्राचा दांडा ओढून प्रत्येकीत मापाने दारू सोडायची, आणि वर शिशाची गोळी बसवण्याआधी एकेका नळीत उजेड टाकून बघायचं, की दारू सगळ्यांत सारखीच आहे ना. हे बघणं टाळून चालत नसे. तो वापरायचा ती दारू झटकन पेटणारी. अगदी चिमूटभर पुरायची. धक्का कमी, मनगट हलत नाही, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर भोकं एकाला एक चिकटून पडतात. नेमबाजांची ती लाडकी. पण चिमूटभर दारूने नळीचा तळ जेमतेम झाकतो. चुकून दोनदा पडली तरी ती निमूट आत मावते, वर गोळी बसते, बाहेरून काडतूस इतरांसारखंच दिसतं. उडवलं की पिस्तूल हातातच फुटतं.

गेल्या उन्हाळ्यात नेमबाजीच्या क्लबातली नॅडीन म्हणाली होती, "अरे, ती फुगीर दारू घे ना. दोनदा पडली तर बाकावर सांडेल. आंधळ्यालासुद्धा कळेल."

"मग आंधळ्यांनी घ्यावी," तो म्हणाला होता. "मी बघतो ना."

एकतीस वर्षं त्याने गावातल्या घराघरांत जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. तळघरांत, झुडपांमागे, बर्फाखाली. त्याने लिहून आणलेल्या आकड्यावर पाणीखात्यात कोणी दुसऱ्यांदा नजर टाकत नसे. त्याला मिळालेली शाबासकी एवढीच, पण ती त्याला पुरली होती.

आणि आता त्याला आठवेना. गुरुवारी काडतुसं भरताना वर फोन वाजला होता, तो उठून गेला होता. परत येऊन दांडा ओढला तो कुठल्या नळीवर? त्यानंतर आत पाहिलं का? कशाने पाहिलं? डोक्यात त्या जागी काहीच नव्हतं, धुक्यात घर दिसेनासं व्हावं तसं.

त्यातली शंभर काडतुसं गुरुवारी संध्याकाळीच नॅडीन घेऊन गेली होती. आज शनिवार. नऊला क्लबात सामना, आणि घड्याळात आठ चाळीस झाले होते.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. नेमबाजीच्या रेंजवर गेली की ती फोन गाडीतच ठेवून जाते.

"कॉफी ओतलीय रे!" व्हर्ना वरून म्हणाली.

"आलोच," म्हणत तो कोट न घालता बाहेर पडला.

तळ्याकडे जाणारा रस्ता बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने पांढरा पडला होता. ट्रक मागून घसरत होता, तरी त्याचा पाय काही ढिला पडला नाही. डोळ्यांसमोर नॅडीनचा उजवा हात येत होता, शाळेच्या स्वयंपाकघरात भाजल्याच्या डागांचा, जाड बोटांचा. अठरा वर्षं ती त्याच्या शेजारच्या जागेवर उभी राहून नेम धरत आली होती.

तिठ्यावर तो थांबला. डावीकडे की उजवीकडे?

दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते. दोन्हीकडे तीच काळी झाडं आणि बर्फाचे ढिगारे. इथून तो अठ्ठावीस वर्षं दर शनिवारी वळत आला होता. मागून कोणीतरी हॉर्न दिला. 'देवा, आत्ता नको,' तो मोठ्याने म्हणाला, 'उद्या काय वाटेल ते कर, पण आत्ता नको.' मग आरशात त्याला पाण्याची टाकी दिसली, गावाचं नाव लिहिलेली निळी टाकी. टाकी पाठीशी, म्हणजे तळं डावीकडे, आणि तळ्याकाठीच क्लब. त्याने चाक डावीकडे फिरवलं.

क्लबच्या आवारात पोचला तेव्हा पत्र्याच्या भिंतीतून बार ऐकू येत होते. पाच, पुन्हा पाच. प्रत्येक बार सरळ, कोरडा. तो प्रत्येकाला मनात म्हणत होता, ठीक, ठीक, हाही ठीक. दारातून आत शिरला. कानांवर आवाज रोखणारं काही नव्हतं. चौदा पाठी एका रांगेत उभ्या. सहाव्या जागेवर नॅडीनने नुकतंच पाच काडतुसांचं मॅगझिन पिस्तुलात ढकललं होतं.

"थांबा! फायर बंद! सगळे थांबा!"

आपला आवाज एवढा मोठा आहे हे ऑर्विललाच ठाऊक नव्हतं. पिस्तुलं खाली ठेवली गेली. सामना चालवणारा हार्लन हातातली पाटी काखेत मारून आला.

"काय झालं, ऑर्विल? कोट कुठाय तुझा?"

"नॅडीनकडे माझी काडतुसं आहेत."

"बरं मग?"

"मी नळ्यांत पाहिलं नव्हतं," तो म्हणाला, आणि इथेच थांबता आलं असतं. पण चौदाही जण त्याच्याकडे बघत होते, आणि खोटं सांगण्याची सवय त्याला कधी नव्हती. "म्हणजे पाहिलं की नाही ते आठवत नाही मला. काहीच आठवत नाही."

टोकाच्या जागेवरून कोणीतरी म्हणालं, "तिचे नेम बसताहेत म्हणून आलायस काय रे थांबवायला?" कोणी हसलं नाही.

नॅडीनने मॅगझिन काढलं, त्यातली पाच काडतुसं बोटाने ढकलून परत डब्यात टाकली. चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता तिचा. "वीस उडवलीत," ती म्हणाली. "चल. घरी जाऊन फोडून बघू."

दुपारभर ते तळघरात बसले. पोकळ डोक्याच्या प्लॅस्टिकच्या हातोडीत काडतूस घालून नॅडीन ती ठोकळ्यावर आपटायची, गोळी सुटायची, दारू वजनकाट्याच्या इवल्याशा वाटीत पडायची. ऑर्विल काटा वाचायचा. ऐंशी वेळा करायचं होतं ते.

"ठीक," तो म्हणायचा. "ठीक." चाळीस झाली. पन्नास झाली. त्याला वाटायला लागलं की आपण उगाचच सगळ्या गावासमोर स्वतःची शोभा करून घेतली, आणि तसंच असू दे, असंही वाटलं.

त्रेसष्टाव्याला काट्याची पट्टी वर जाऊन अडकली.

वाटीत दुप्पट ढीग होता. करड्या, बारीक चकत्यांचा. ते काडतूस मॅगझिनमधल्या पाचांपैकी होतं की डब्यातलं, हे आता कळायला मार्ग नव्हता.

नॅडीनने उजवा हात उलटा केला, सुलटा केला.

"या हाताने मी तीनशे पोरांना वाढते, ऑर्विल."

"माहीत आहे मला."

"माफी मागू नकोस, नाहीतर ही हातोडी फेकून मारीन." तिने हातोडी बाकावर ठेवली. "कधीपासून विसरतोयस?"

ऑर्विलने तोंड उघडलं, पण उत्तर जिन्यावरून आलं.

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून," व्हर्ना म्हणाली. ती वरच्या पायरीवर बसली होती, किती वेळापासून कोण जाणे. "त्या दिवशी टर्की कापायला उठला आणि सुरी हातात धरून उभाच राहिला. काय करायचं ते कळेना त्याला. मी म्हटलं, दमलास, दे इकडे."

"तू बोलली नाहीस," ऑर्विल म्हणाला.

"तू तरी कुठे बोललास?" ती म्हणाली. "मला भीती वाटत होती. बोललं की ते खरंच घरात येऊन बसेल असं वाटत होतं."

ऑर्विलने वाटीतली दारू हळूच कागदावर ओतली, आणि चौसष्टाव्या काडतुसासाठी हात पुढे केला. उरलेली सगळी ठीक निघाली.

बुधवारी नॅडीनने त्याला बंदुकांच्या दुकानात नेलं. "यंत्र माझ्या गॅरेजमध्ये लावू. भरणार मी. पण दारू तू निवडून द्यायची, मला त्यातलं कळत नाही."

फळीवर दारूच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. ऑर्विलचा हात आपण होऊन नेहमीच्या बरणीकडे गेला, तिच्या झाकणावर टेकला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्याने हात काढला आणि दोन बरण्या सोडून तिसरी उचलली.

दुकानदाराने भुवई वर केली. "ही? नेमबाज म्हणतात घाण फार करते. पिस्तूल काळंकुट्ट."

"हीसुद्धा झटकन पेटणारीच आहे," ऑर्विल म्हणाला. "पण फुगीर. नळीत दोनदा मावत नाही."

"आणि हाताला कशी लागेल?" नॅडीनने विचारलं.

"सुरुवातीला वेगळी वाटेल. दोन शनिवार जाऊ दे, मनगट शिकतं." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि मावत नाही म्हणून बघायचं सोडायचं नाही. बघायचंच."

रविवारी दुपारी तिने पहिला ठोकळा भरला. दांडा ओढताना ती ओठ दाबून धरायची. ऑर्विल खिशात हात घालून मागे उभा होता. पन्नास झाल्यावर ती बाजूला सरकली, आणि बाकावरचा दिवा तिने ओढून खाली घेतला.

"ये. तू बघ."

तो वाकला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एकेका नळीवर बोट ठेवत, मोठ्याने मोजत, मीटरचे आकडे वाचायचा त्याच सपाट आवाजात. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. शेवटच्या नळीपाशी तो सरळ झाला.

"पन्नास. सगळ्या ठीक."

"थँक यू, ऑर्विल."

तो दाराकडे गेला. पाठमोरा राहूनच त्याने कोट घातला, एक हातमोजा चढवला. मागे बाकावरच्या दिव्याची मान करकरली. मग पहिल्या नळीपासून नॅडीनचा दबका आवाज आला, जवळजवळ श्वासातच, एक, दोन, तीन.

ऑर्विलने चढवलेला हातमोजा काढला. त्याची बोटं नीट आतून बाहेर उलटी केली, परत सुलटी केली, आणि ती पन्नासापर्यंत पोचेस्तोवर एकेक बोट सावकाश घालत तो दाराशी पाठमोराच उभा राहिला.