जिन्याखालचा कांदा

सासूबाई गेल्या आणि मागे एका कुंडीत फुलझाडाचे दोन कांदे ठेवून गेल्या. आजारपणात कुणीतरी आणून दिलेले. फूल पाहायला त्या राहिल्या नाहीत, आणि झाड कसलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नणंदेने त्यातला जाडजूड कांदा उचलला आणि उरलेला वहिनीकडे सरकवला.

"आईचा हात माझ्याकडे आलाय. माझ्याकडेच आधी फुलेल बघ."

"असेल, ताई," वहिनी म्हणाली. आईच्या आजारपणात जी फळांची पिशवी दारातूनच आत सरकवून "घाईत आहे गं" म्हणत पळायची, तिच्याकडे आईचा नेमका कुठला हात आला, हे वहिनीने विचारलं नाही. अंथरुणं बदलली वहिनीने, आणि "आईचं फार केलंस हो" हे ऐकलं नणंदेने. वहिनीच्या मनात नणंदेचं एक खातं होतं. त्यात जमेची बाजू अजून कोरीच होती.

नणंदेने पानांचे फोटो काढले. फोन एकदा निशिगंध म्हणाला, एकदा लिली, एकदा तर चक्क कांद्याची पात. नाव बदललं की औषधपाणी बदलायचं. चहाचा चोथा झाला, अंड्याची टरफलं झाली, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण पुण्य समजून कुंडीत पेलाभर पाणी ओतायचा.

इकडे वहिनीच्या कांद्याची पानं पिवळी पडून लोळली.

"मेलं ते. टाकून दे," नवरा म्हणाला. घरातल्या बहुतेक गोष्टींवर त्याचा हाच सल्ला असे.

टाकलं असतं तर नणंदेने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून वहिनीने कुंडी जिन्याखाली, मोडक्या स्टुलामागे ढकलली. मेलेल्याला कसलं पाणी?

हिवाळा सरताना ती रंगाचा डबा काढायला वाकली, तर कुंडीतून एक दांडा वर आलेला. पान एक नाही, टोकाला टपोरी कळी. खिडकीत ठेवल्यावर चार लाल फुलं उमलली, एकमेकांकडे पाठ करून, अगदी या घरातल्या माणसांसारखी. आता फोननेही झटकन सांगितलं, अमरिलिस. फुलल्यावर काय, कुणीही ओळखतं.

नणंद आली. तिचा कांदा सडून गिळगिळीत झाला होता. तिने वहिनीच्या कुंडीतली माती बोटाने उकरून पाहिली.

"काय घातलंस याला?"

"काही नाही. जिन्याखाली टाकलं होतं."

"आणि पाणी?"

"मेलं समजून घातलंच नाही."

"सांगायचं नसेल तर नको सांगूस," नणंदेने ओठ मुरडले. "आईनेच तुला सांगून ठेवलं असणार. शेवटी शेवटी ती बोलायची ती तुझ्याशीच. करायचीसही तूच."

सरळ तोंडाने हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. आलं तेही टोमण्याच्या पोटातून. पण वहिनीने ते जमेला धरलं. चिल्लर म्हणून कुणी परत करत नाही.

"हो, सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," नवरा म्हणाला.

"काय सांगितलं होतं?" विचारता विचारता नणंदेने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला.

वहिनीने कुंडी आपल्याकडे ओढली. "कुणाला हात लावू देऊ नकोस म्हणाल्या."