मी, गीतांजलीची नोंद

मी एक जुनी नोंद आहे, मित्रांनो. वहीतली नव्हे, संगणकातली. महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत, बाराही महिने एसी चालू असलेल्या खोलीत माझा मुक्काम असतो. गीतांजली नावाच्या मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल नंबर माझ्यात आहे. "ही मुलगी खरंच तीच का?" असं कोणी विचारलं, की आमची कंपनी मला उघडते आणि उत्तर देते. माझ्या शब्दाला वजन आहे, ही काही उगाच फुशारकी नाही.

माझा जन्म झाला तेव्हा गीतांजली शाळेत होती. तिचे वडील रणजीत मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी कामगार. बँकेत तिचं खातं काढताना अर्जावर मोबाइल नंबर हवा होता. त्यांच्या टोळीत तेव्हा फोन एकट्या कोंडिबा मुकादमाकडे. रणजीतने बिनधास्त त्याचाच नंबर लिहिला. त्यात नवल काही नव्हतं, अख्खी टोळी तेच करायची. कोणाचा गॅस असो नाहीतर कोणाच्या पोराची शाळा, निरोप कोंडिबाच्या फोनवर यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तो गाळ्याच्या दारातून हाळी द्यायचा, "रनजीत, तुजा गॅस आला रं!"

बँकेतून मी इथे कशी आले म्हणाल, तर अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत माहिती इतर कंपन्यांना देण्याची परवानगी मागितलेली असते. सगळे न वाचताच सही करतात, रणजीतनेही केली. पुढे टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन आले, पण माझ्यातला नंबर बदलायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मी मात्र इमानेइतबारे काम करत राहिले. सिमकार्डवाले विचारून गेले, कॉलेजवाले विचारून गेले. "रेकॉर्ड एकदम क्लीन आहे हं," असं कोणी म्हटलं की मी खूश व्हायचे.

गीतांजली नर्सिंग शिकली. बेलापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिची निवड झाली. आता फक्त ओळखीची पडताळणी बाकी होती आणि ते काम आमच्याच कंपनीकडे आलं. मला वाटलं, चुटकीसरशी होईल. पण आमच्याकडे तपासणीची नवी यंत्रणा बसली होती. तिला दिसलं, की हा एकच नंबर कितीतरी वेगवेगळ्या आडनावांच्या माणसांना चिकटलेला आहे. फसवणारे लोक असंच करतात म्हणे. झालं, माझ्यावर लाल खूण पडली. मला ते फार लागलं.

पडताळणीचं काम करणाऱ्या अस्मिताने त्या नंबरवर फोन लावला. "तुम्ही गीतांजलीला ओळखता का?"

"न्हाय! म्या कुनालाच वळकत न्हाय. ठिवा फोन!" कोंडिबा खेकसला.

मी आतल्या आत ओरडत होते, अहो, हा तिला जन्मापासून ओळखतो! पण नोंदीला तोंड कुठलं? अस्मिताने माझ्यात लिहिलं, 'ओळख पटली नाही'. रुग्णालयाने गीतांजलीची नेमणूक थांबवली आणि आमच्या कंपनीचं नाव व कोणत्या नंबरवर ओळख पटली नाही, ते तिला कळवलं.

दुसरी एखादी रडत घरी बसली असती. ही कोंडिबाला सोबत घेऊन थेट महाप्याला आली.

"मॅडम, माझीच माहिती आहे ना ती? मग मला दाखवा." ती हलायला तयार नव्हती.

कोंडिबाची मान खाली. "बाई, हिची चूक न्हाय. फोनवर कुनी कितीबी गोड बोललं तरी कुनाची म्हायती द्यायची न्हाय, आसं हिनंच आमाला बजावलं हुतं. म्या तुमालाच फसवनारी समजलो."

अस्मिताला हसू आवरेना. "काका, तुम्ही बरोबरच वागलात. पण आता तरी सांगा, हिला ओळखता ना?"

"वळकता का म्हून काय इचारता? तवा टोळीत फोन माज्याकडंच, समद्यांनी माजाच नंबर लिवला. हिच्या बारशाचं पेढं अख्ख्या बाजारात म्याच वाटलं!"

"पेढ्यांचा रकाना नाही हो माझ्याकडे."

रकाना नसला तरी एका नंबराचं कोडं त्या बोलण्यातून सुटलं. अस्मिताने कोंडिबाचं म्हणणं नोंदवलं, गीतांजलीची मूळ कागदपत्रं ताडून पाहिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. माझ्यातला तुर्भ्याचा जुना पत्ता जाऊन खांदेश्वरचा आला. कोंडिबाचा नंबर जाऊन तिचा स्वतःचा आला. लाल खूण पुसली गेली. त्याच दुपारी रुग्णालयाला नवं उत्तर गेलं आणि आज माझ्यात व्यवसायापुढे 'परिचारिका' असं लिहिलेलं आहे.

ती मात्र कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली होती. "माझ्याबद्दल सगळ्यांना एवढी वर्षं हे असं दिसत होतं?" ती हळूच म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजवर मला कोणी कोणी उघडलं, पण जिची मी नोंद, ती मला पहिल्यांदाच भेटत होती. मला अगदी भरून आलं.

मित्रांनो, तुमच्याही नोंदी कुठे ना कुठे आहेत. आम्ही खोटं बोलत नाही, पण आमच्यात चूक असली तर तीच ठासून सांगत राहतो. म्हणून सही करण्याआधी वाचा. पत्ता बदलला, नंबर बदलला, तर आम्हाला कळवा. आणि अधूनमधून हक्काने म्हणा, आमची माहिती आम्हाला दाखवा. तुमच्याबद्दल आम्ही साऱ्या जगाला सांगत असतो, एकदा तुम्हालाही सांगू द्या.