उतारावर जड झालेलं स्टिअरिंग

२००८ च्या मार्चमध्ये संघप्रियाने वडिलांची जुनी जीप पुन्हा रस्त्यावर काढली. जिवतीच्या पहाडावरून बाळंतपणाच्या बायांना दवाखान्यात पोहोचवण्याचं काम तिच्या वडिलांनी, लहानूंनी, वीस वर्षं केलं होतं. ते गेल्यावर तिने ते हाती घेतलं. पण एका अपघातात तिचा उजवा खांदा अधू झाला होता, आणि त्या जीपचं स्टिअरिंग फिरवायला दोन धड हात लागत.

भद्रावतीच्या कय्यूम मिस्त्रींनी भंगारातल्या एका छोट्या कारची स्टिअरिंग हलकं करणारी मोटर काढून जीपला बसवली. बॅटरीवर चालणारी. असं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, म्हणून पहिल्या फेरीला ते स्वतः शेजारी बसले.

घाट चढताना संघप्रिया हसत होती. "चाचा, एका हातानं फिरून राह्यलं!"

उतरताना डॅशबोर्डखाली टक् असा आवाज झाला आणि स्टिअरिंग एकाएकी पूर्वीपेक्षाही जड झालं. वळण डावीकडचं. उजवीकडे दरी. समोरून बस चढत होती.

"चाचा, फिरून नाई राह्यलं!"

"ब्रेक दाब! सोडू नको!" कय्यूम तिच्यावर झुकले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग खाली ओढू लागले. तिने उजव्या हाताने वर रेटलं. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बसचा भोंगा कानात घुसला. जीप कशीबशी वळली, बसच्या पत्र्याजवळून निसटली आणि डोंगराकडच्या नालीत जाऊन बंद पडली.

कय्यूमनी डॅशबोर्डखाली वाकून मोटरची वायर चाचपली. चटका बसला.

"अर्थिंगची वायर मी बॉडीच्या पेंटवरच कसली. तापली, अन् करंट तुटला. चूक माझी हाय, बेटी. काढून टाकतो हे सगळं."

"काढू नका. परवा वरच्या गुडा-वस्तीतून सोमारीले बाळंतपणासाठी आणायचं हाय. मोटर नसली तर कशी आणू?"

"अन् पुन्हा बंद पडली तर?"

"बंद पडल्यावर कशी सांभाळायची, ते शिकवा मले."

कय्यूमनी लोखंड उघडं पडेपर्यंत पेंट खरवडला आणि वायर तिथे नव्याने कसली. पायथ्याच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मुद्दाम मोटर बंद केली. गाडी रांगत ठेवून, डावा हात वरून खाली ओढत संघप्रिया घामाघूम होईस्तोवर वळणं घेत राहिली.

तिसऱ्या दिवशी संघप्रिया एकटीच वर गेली; गॅरेजात फोनची वाट बघत कय्यूमनी कोणत्याच गाडीला हात लावला नाही. दुपारी फोन वाजला.

"चाचा, पोहोचलो. मोटर एकदाही नाई थांबली."

"अन् सोमारी?"

"आत नेलं तिले. मी बाहेर बसून आहो."

कय्यूमनी फोन ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या पहिल्या गाडीचं बॉनेट उघडलं.