नदीनं टाकलेलं वळण

उस्तिन्याच्या दारावरून वेर्यू नदी वाहायची. त्या जंगलात नदी हाच रस्ता, त्यामुळे शिकारीला वर जाणाऱ्या प्रत्येक होडीला तिच्या दारातल्या वळणाला वळसा घालावाच लागे. काठावरच्या काठीला उस्तिन्यानं लाल रुमाल बांधला, की चहा तयार आहे हे होडीवाले ओळखत आणि थांबत. नवरा परफेन घरामागच्या बर्चच्या झाडाखाली पुरला गेल्यापासून तिला बोलायला तेवढीच माणसं होती.

यंदा नदीवरचा बर्फ फुटून पूर आला आणि नदीनं हे वळणच टाकलं. वळणाची दोन टोकं जिथं जवळ येत, ती चिंचोळी पट्टी फोडून ती सरळ निघून गेली. नदीला कुणाची काय पडलीय! दारात उरलं साचलेलं पाणी. उन्हाळाभर रुमाल फडकला, पण कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

शेवटी पुतण्या सावेली आला.

"काकू, वळणाच्या तोंडाशी गाळ भरतोय. पुन्हा होडी आत यायची नाही. आजच चल गावात."

"मी नव्या काठावर रुमाल बांधीन."

"बांध की! तुझ्या चहासाठी जीव कोण देणार? चल, दाखवतोच."

पाइनच्या झाडांतून दोघं पट्टीवर पोचले. काठ उभा तुटलेला, पाणी नुसतं धावत होतं. तेवढ्यात वरून एक होडी आली.

"चहा घ्या रे!" उस्तिन्या जीव तोडून ओरडली.

होडीवाल्यानं हात हलवला आणि तो दिसेनासा झाला. थांबायला जागाच नव्हती.

"मेल्या नदीला इथूनच वाट बरी सापडली," ती म्हणाली.

सावेली घुटमळला. "काकांनी इथं चर खणला होता, होडी ओढून न्यायला. वळसा वाचला की अंधाराआधी घरी पोचतो, म्हणायचे. पुराचं पाणी त्यातच घुसलं."

"आणि मला सांगायचा, जोरात वल्ही मारावीत तर मीच, म्हणून लवकर पोचलो! लबाड कुठला." तिला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"मग, येतेस ना?"

तिनं डोळे पुसले. "तू जा बाबा. माझ्याकडे लवकर यायला ज्यानं एवढी माती उपसली, त्याला एकटं टाकून कुठं येऊ?"

सावेली गेला. त्यानंतर बर्फ पडेपर्यंत कुणीच आलं नाही.